कॅमकॉर्डर कोणता घ्यावा? आधी किती लांबून शूट करणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीचे नृत्याचे कार्यक्रम शूट करायचे आहेत, अधूनमधून सहल असते, आणि वडिलांची व्याख्यानं रेकॉर्ड करून ठेवायची इच्छा आहे. फोन चांगला आहे, पण कार्यक्रमाच्या व्हिडिओत मुलगी ठिपक्याएवढी दिसते. बजेट ठरलेलं आहे, ते ताणता येणार नाही. दोन पर्याय समोर आहेत. एकाच्या खोक्यावर '४के, ४८ मेगापिक्सल, १८एक्स डिजिटल झूम' असं लिहिलंय आणि तो स्वस्त आहे. दुसरा नुसता फुल एचडी, पण त्याला २०एक्स ऑप्टिकल झूम आहे आणि किंमत बरीच जास्त आहे. यातला कोणता घ्यावा, की नवीन मॉडेल येईपर्यंत थांबावं?

दोघांतलाच एक निवडायचा तर दुसरा घ्या, यात मला शंका नाही. पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही, कारण तिसरा एखादा पर्याय समोर आला की तुम्ही पुन्हा तिथेच अडकाल. म्हणून मी कसा विचार करतो ते सविस्तर लिहितो.

रंगमंचावरचे कार्यक्रम आणि व्याख्यानं शूट करणं हेच माझं काम. कॅमेरा कोणता घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: तुमचा सगळ्यात अवघड शॉट कोणता, आणि तो घेताना तुम्ही कुठे उभे असाल? सोपे शॉट कुठलाही कॅमेरा घेतो. सहलीत मुलगी चार पावलांवर असते आणि ऊन लख्ख असतं, तिथे तुमचा फोन उत्तम काम करतो. तुमचा अवघड शॉट म्हणजे अंधाऱ्या सभागृहात, मागच्या रांगांतून, वीसेक मीटरवरून, हलणाऱ्या मुलीचा. कॅमेरा निवडायचा तो याच शॉटसाठी.

आता थोडं गणित करू, कारण ते एकदा कळलं की जाहिराती फसवू शकत नाहीत. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात '३५ मिमी समतुल्य' फोकल लेंग्थ दिलेली असते. हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. तुमचं अंतर गुणिले ३६, भागिले ती फोकल लेंग्थ, असं केलं की फ्रेममध्ये किती मीटर रुंदी मावेल ते मिळतं. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २५ मिमीचा असतो. वीस मीटरवरून तो जवळजवळ २९ मीटर रुंदी पकडतो, म्हणजे रंगमंच, दोन्ही बाजूंच्या भिंती आणि पुढच्या लोकांची डोकी. त्या फ्रेमची उंची भरते १६ मीटर. सव्वा मीटर उंचीची मुलगी त्यात चित्राच्या तेराव्या भागाएवढी दिसणार. फोनमध्ये बिघाड काहीच नाही, तो लांबून बघण्यासाठी बनवलेलाच नाही. (काही फोनना वेगळी टेलिफोटो लेन्स असते. तिने फरक पडतो, पण सभागृहाच्या मागच्या रांगेतून मिडशॉट (कमरेपासून वरचं चित्र) घेण्याइतका नाही.)

तेच ४०० मिमीला फ्रेमची रुंदी १.८ मीटर आणि उंची साधारण एक मीटर होते. म्हणजे मुलगी डोक्यापासून गुडघ्यापर्यंत छान भरते, हातांच्या मुद्रा दिसतात, चेहऱ्यावरचे भाव दिसतात. वीस मीटरसाठी तुम्हाला हवी ती ताकद ही: ४०० मिमीच्या आसपास किंवा त्याहून जास्त, आणि तीही ऑप्टिकल, म्हणजे लेन्सच्या भिंगांनीच मिळणारी.

इथे 'एक्स'च्या आकड्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. २०एक्स म्हणजे सगळ्यात लांबचं टोक हे सगळ्यात रुंद टोकाच्या वीसपट. ते टोक कुठे आहे हे त्यातून कळत नाही. सोनीच्या एएक्स४३ ची लेन्स २६.८ ते ५३६ मिमी आहे, ती २०एक्स. त्याच कंपनीचा एएक्स७०० सेन्सरने (प्रकाश टिपणाऱ्या चिपने) मोठा आणि किंमतीने बराच वरचा आहे, पण त्याची लेन्स २९ ते ३४८ मिमी, म्हणजे १२एक्स. महाग कॅमेरा, पण लांबचा पल्ला कमी. वीस मीटरवरून तुमच्या कामाला पल्ल्याच्या बाबतीत स्वस्तातला जास्त उपयोगी पडेल. म्हणून 'एक्स' वाचू नका, मिलिमीटर वाचा.

आणि डिजिटल झूम? तो झूमच नाही. सेन्सरवर पडलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून तो ताणून मोठा केलेला असतो. ते काम घरी एडिटिंग करतानाही करता येतं. फुल एचडी व्हिडिओला १९२० गुणिले १०८०, म्हणजे दोन मेगापिक्सलच्या थोडं वर लागतात. ४के व्हिडिओलाही साधारण ८.३ मेगापिक्सल पुरतात. मग '४८ मेगापिक्सल' कशासाठी? बहुतेकदा तो आकडा खोक्यावर छापण्यासाठीच असतो, सेन्सर तेवढा नसतोच, चित्र फुगवलेलं असतं. अशा अनेक यंत्रांना एकच स्थिर फोकल लेंग्थची, कधीकधी फोकसही न हलणारी लेन्स असते. ओळखायची सोपी खूण सांगतो. लेन्सच्या कडेवर काय छापलंय ते बघा. खऱ्या झूम लेन्सवर दोन टोकांचे आकडे असतात, उदाहरणार्थ ४.४ ते ८८ मिमी. (हे लेन्सचे प्रत्यक्ष आकडे, वरच्या गणितासाठी माहितीपत्रकातले समतुल्य आकडे घ्यायचे.) फक्त एकच आकडा असेल, किंवा काहीच नसेल, तर तो कॅमेरा परत ठेवा. तुमच्या पहिल्या पर्यायाबद्दल माझं मत यावरून स्पष्ट झालं असेल. त्यावर पैसे घालण्यापेक्षा फोननेच शूट करा, चित्र जास्त चांगलं येईल.

पल्ल्यानंतर प्रश्न येतो उजेडाचा. झूम जसजसा आत जातो तसतशी बहुतेक कॅमकॉर्डरच्या लेन्समधून प्रकाश कमी येतो. वर सांगितलेल्या एएक्स४३ चं ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र, आकडा वाढला की ते लहान होतं) रुंद टोकाला एफ/२ आहे आणि लांबच्या टोकाला एफ/३.८. याचा अर्थ पूर्ण झूमवर सेन्सरला मिळणारा प्रकाश साडेतीनपटींहून जास्त घटतो. कॅमेरा ही तूट गेन (सिग्नल कृत्रिमरीत्या मोठा करणं) वाढवून भरून काढतो आणि चित्रात वळवळणारे दाणे दिसायला लागतात. म्हणून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याने मंद उजेडात घेतलेलं फुटेज मऊ आणि दाणेदार दिसतं. मोठा सेन्सर इथे कामाला येतो. '१ इंच' प्रकारचा सेन्सर (प्रत्यक्षात तो १३.२ गुणिले ८.८ मिमीचा असतो) साध्या कॅमकॉर्डरच्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने निदान चारपट मोठा भरतो. पण सेन्सर मोठा केला की तेवढ्याच पल्ल्यासाठी लेन्स अवजड आणि महाग होत जाते. पल्ला, उजेड आणि किंमत या तिन्ही गोष्टी एका कॅमेऱ्यात मनासारख्या मिळत नाहीत. बजेट मर्यादित असेल तर एकीवर पाणी सोडावंच लागतं.

तुमच्या बाबतीत मी सेन्सरवर सोडेन, पल्ल्यावर नाही. याला कारण आहे. नृत्याच्या कार्यक्रमात रंगमंचावर प्रकाशयोजना असते. प्रेक्षागृह अंधारात असलं तरी नाचणाऱ्यावर भरपूर उजेड असतो. तिथे चित्र बिघडतं ते बहुतेकदा प्रकाश कमी पडल्यामुळे नाही, तर कॅमेऱ्याच्या ऑटोमुळे. एक्सपोजर म्हणजे चित्र किती उजळ घ्यायचं ते, आणि ऑटो एक्सपोजर साऱ्या फ्रेमची सरासरी काढतो. मागचा पडदा काळा, म्हणून त्याला वाटतं दृश्य अंधारं आहे. तो एक्सपोजर वाढवतो आणि मुलीचा चेहरा पांढराफटक होऊन जातो. नाक, डोळे काही उरत नाही, आणि जळालेलं चित्र नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

म्हणून कॅमेरा हातात घेतल्यावर पहिल्यांदा हे तपासा: एक्सपोजर हाताने ठरवून लॉक करता येतं का? फोकस हाताने करून लॉक करता येतो का? त्यासाठी लेन्सभोवती फिरणारी रिंग किंवा निदान एखादं चाक आहे का, की दर वेळी मेन्यूत चार पायऱ्या उतरावं लागतं? अंधारात, कार्यक्रम चालू असताना मेन्यू शोधणं अशक्य असतं. मी करतो ते असं. दिवे लागले की आधी चेहऱ्यावर पूर्ण झूम करून फोकस करतो आणि तो लॉक करतो. मग झीब्रा चालू करतो. झीब्रा म्हणजे प्रकाश ठरावीक पातळीच्या वर गेला की स्क्रीनवर तिथे तिरक्या रेघा दिसतात. चेहऱ्यावर रेघा येणं थांबेपर्यंत एक्सपोजर खाली आणतो आणि लॉक करतो. स्वस्त कॅमेऱ्यात झीब्रा नसेल तर निदान 'स्पॉटलाइट' नावाचा मोड असतो का बघा, तो बऱ्यापैकी काम भागवतो. दिवे अचानक मंद झाले की ऑटोफोकस पुढेमागे चाचपडतो, आणि नेमक्या त्या क्षणी गिरकी असते. लॉक केलेला फोकस चाचपडत नाही.

एलईडी दिव्यांमुळे चित्रात पट्टे सरकताना दिसत असतील तर शटर स्पीड आधी विजेच्या फ्रिक्वेन्सीशी जुळवून बघायचा: ५० हर्ट्झ असेल तिथे १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. याच कारणाने, दुसऱ्या देशातून आणलेला कॅमेरा घेताना तो तुमच्याकडच्या फ्रेमरेटवर (सेकंदाला किती चित्रं) चालतो का ते नक्की विचारा. अनेक घरगुती मॉडेल एकाच पद्धतीला बांधलेली असतात.

आता आवाज. वडिलांच्या व्याख्यानांमुळे हा भाग तुमच्यासाठी चित्राहून मोठा आहे, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नव्हता. थोडं धूसर चित्र लोक पाहतात, पण घुमणारा, न कळणारा आवाज दोन मिनिटंही ऐकत नाहीत. कॅमेऱ्यावरचा माईक तुमच्याजवळ असतो, बोलणाऱ्याजवळ नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. सभागृहात त्यात भिंतींवरून परतणारा आवाज, पंखे आणि शेजाऱ्याचा खोकला मिसळतो. झूमने चित्र जवळ आणता येतं, आवाज आणता येत नाही. कितीही महाग कॅमेरा घेतला तरी हे बदलत नाही.

उपाय एकच, माईक तोंडाजवळ नेणं. त्यासाठी कॅमेऱ्याला माईक जॅक हवाच. ३.५ मिमीचा साधा जॅक तुमच्या गरजेला पुरेल. एक्सएलआर (तीन पिनांचा मोठा जॅक) आणि ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माईकला केबलमधून मिळणारी वीज) ही व्यावसायिक सोय आहे, तिच्यासाठी बजेट फोडू नका. जोडीला हेडफोन जॅक हवा, कारण न ऐकता रेकॉर्ड केलेला आवाज हा नशिबाचा भाग असतो. आणि आवाजाची पातळी हाताने ठरवता यायला हवी. ऑटो पातळीत वक्ता क्षणभर थांबला की कॅमेरा आवाज वाढवतो, शांततेत खरखर वर येते, आणि पुढचा शब्द फुटतो. वडिलांच्या कॉलरला लावायचा साधा वायरलेस माईक घेतला तर चित्रापेक्षा तुमचं रेकॉर्डिंग आवाजामुळे उठून दिसेल. ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरमधून थेट वायर मिळत असेल तर फारच छान. फक्त ती लाइन पातळीची असते आणि माईक जॅकला फार जोरात पडते. मध्ये ती कमी करणारी केबल लागते, नाहीतर सगळा आवाज फाटलेला येईल.

वेळेबद्दल. कार्यक्रम आणि व्याख्यानं तास-दीड तास सलग चालतात. कॅमकॉर्डर इथे फोटोच्या कॅमेऱ्याला मागे टाकतो. अनेक स्टिल कॅमेऱ्यांत, विशेषतः जुन्यांत, एका शॉटला २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा असते. युरोपात अर्ध्या तासाहून जास्त सलग रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रांवर व्हिडिओ कॅमेऱ्याचं जास्तीचं आयातशुल्क लागायचं, त्यातून ती आली. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत ती उरली नसली तरी लांबलचक ४के रेकॉर्डिंगमध्ये काही मॉडेल तापून बंद पडतात. कॅमकॉर्डर याच कामासाठी बनवलेला असतो. मात्र बॅटरीचा दावा नीट वाचा. 'सलग रेकॉर्डिंग' आणि 'प्रत्यक्ष वापर' असे दोन आकडे दिलेले असतात आणि दुसरा बहुधा पहिल्याच्या निम्म्यावर असतो. सोबत येणारी बॅटरी सगळ्यात लहान असते. मोठी एक वेगळी घ्या.

४के हवं का? तुमच्या कामाला नसलं तरी चालेल. सेकंदाला १०० मेगाबिटच्या ४के रेकॉर्डिंगला तासाला ४५ जीबी जागा लागते. २८ मेगाबिटच्या फुल एचडीला १२.६ जीबी. दीड तासाच्या एका कार्यक्रमाचं ४के फुटेज ६७ जीबीच्या वर जातं. ते दोन ठिकाणी जपून ठेवायचं आणि घरच्या संगणकावर एडिट करायचं, हा खर्च खोक्यावर लिहिलेला नसतो. ४के चा खरा फायदा एका ठिकाणी होतो: कॅमेरा स्थिर ठेवून सगळा रंगमंच पकडायचा आणि नंतर फुल एचडीत हवा तो भाग कापून घ्यायचा. व्याख्यानाला एकटेच असाल, कॅमेऱ्याजवळ कुणी उभं राहणार नसेल, तर हे फार सोयीचं आहे. तेव्हा त्याच पैशांत चांगली लेन्स आणि ४के दोन्ही मिळत असेल तर घ्या. ४के साठी ऑप्टिकल झूम किंवा माईक जॅक मात्र सोडू नका.

म्हणजे आत्तापर्यंत हवं ते एवढं: ४०० मिमीच्या पुढे जाणारा ऑप्टिकल झूम, हाताने लॉक होणारा फोकस आणि एक्सपोजर, माईक व हेडफोन जॅक. रेझोल्यूशन त्यानंतर.

आता बजेट. माझा आग्रह आहे की सगळे पैसे कॅमेऱ्यावर घालू नका. साधारण दोन तृतीयांश कॅमेऱ्याला ठेवा आणि उरलेल्यात ट्रायपॉड, माईक, मोठी बॅटरी आणि कार्ड बसवा. ट्रायपॉडला दुय्यम समजू नका. ५०० मिमीला वीस मीटरवर फ्रेमची रुंदी १.४४ मीटर असते. कॅमेरा फक्त एक अंश हलला तर चित्र ३५ सेंटीमीटर सरकतं, म्हणजे जवळजवळ पाव फ्रेम. हातात धरून तासभर हे सांभाळणं कुणालाच जमत नाही. स्थिरीकरण हाताचा कंप शोषतं, पण थकलेला हात खाली येतो त्याला ते काही करू शकत नाही. फ्लुइड हेडचा, म्हणजे ज्याचं डोकं संथ आणि सलग फिरतं असा ट्रायपॉड घ्या. फोटोसाठीचा बॉल हेड नको, कारण नाचणाऱ्याच्या मागे कॅमेरा सावकाश फिरवताना तो झटके देतो. विकत घेण्याआधी कॅमेरा लावून हळू वळवून बघा. सुरू होताना आणि थांबताना धक्का जाणवला तर दुसरा बघा. कार्ड ओळखीच्या कंपनीचं, यू३ किंवा व्ही३० खूण असलेलं घ्या. ही खूण सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी असते, आणि वरच्या १०० मेगाबिटला १२.५ मेगाबाइटच लागतात, त्यामुळे ते आरामात पुरतं.

काही परिस्थितींत माझं उत्तर बदलेल. तुम्हाला दर वेळी पहिल्या रांगेत जागा मिळत असेल, तर अंतर पाच-सहा मीटरवर येतं, १२० मिमीनेही काम भागतं आणि तेव्हा मोठ्या सेन्सरचा कमी पल्ल्याचा कॅमेरा नक्कीच सरस ठरतो. कार्यक्रम वर्षातून एकदाच असेल, तर कॅमेरा भाड्याने घेणं शहाणपणाचं. आणि फक्त व्याख्यानंच करायची असतील तर फोन, ट्रायपॉड आणि कॉलर माईक एवढ्यावर उत्तम काम होतं, कॅमकॉर्डरची गरजच नाही.

बजेटमध्ये नवा बसत नसेल तर वापरलेला घ्यायला हरकत नाही, पण टेपवरचा मिनीडीव्ही घेऊ नका. त्याची टेप संगणकावर उतरवायला जेवढं रेकॉर्डिंग तेवढाच वेळ लागतो, आणि त्याला लागणारं फायरवायर पोर्ट आजच्या संगणकांत नसतं. कार्डवर रेकॉर्ड करणारा बघा. लेन्समध्ये टॉर्च तिरका मारून आत जाळीसारखी बुरशी दिसते का पाहा. झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पूर्ण न्या, मध्ये अडकतो किंवा आवाज करतो का ऐका. लेन्सवर झाकण ठेवून गेन पूर्ण वाढवा आणि स्क्रीनवर एकाच जागी चमकणारे ठिपके आहेत का बघा. स्क्रीन उघडझाप करताना आणि फिरवताना चित्र जात असेल तर आतली पट्टी झिजली आहे. हेडफोन लावून माईक जॅकची पिन हलवून बघा, खरखर आली तर सोडून द्या. आणि त्या मॉडेलची बॅटरी अजून नवी मिळते का, हे पैसे देण्याआधी शोधा.

राहिला थांबण्याचा प्रश्न. थांबू नका. फोनसारखे कॅमकॉर्डर दर वर्षी बदलत नाहीत, घरगुती गटात नवी मॉडेल फार क्वचित येतात आणि चार-पाच वर्षांपूर्वीचा चांगला कॅमेरा आजही तितकंच चांगलं काम देतो. मात्र कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी विकत घेऊ नका. दोन-तीन आठवडे आधी घ्या, तालमीला घेऊन जा, आणि एक्सपोजर व फोकस लॉक करणं न बघता, बोटांच्या सवयीने जमेपर्यंत करत राहा. तालमीचं फुटेज घरी मोठ्या पडद्यावर हेडफोन लावून पाहा. तुमचं अंतर किती आणि सभागृह कसं आहे हे नक्की कळवलंत, तर किती मिलिमीटरची लेन्स लागेल ते मी काढून देतो.